वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकच होतो. तुमच्याकडे काय?

पारिजात

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातली आमची सोळा फ्लॅटची स्कीम. बऱ्याच मिटिंगा आणि त्याहून जास्त भांडणं झाल्यावर आता बहुतेक घरांत ओला-सुका वेगळा होतो. जिन्याखाली हिरवा डबा, निळा डबा. सकाळी गाडी येते, भोंग्यावर गाणं वाजतं, वॉचमन दोन्ही डबे फाटकापाशी नेतो आणि गाडीवरचा मुलगा दोन्ही एकाच कप्प्यात उपडे करतो. गाडीला मधोमध पत्र्याचा आडोसा आहे. एकीकडे 'ओला', दुसरीकडे 'सुका' असं रंगवलेलंही आहे. 'सुका'च्या बाजूला काय, तर पुठ्ठे, पाण्याच्या बाटल्या, एक फुटकी बादली आणि त्या मुलाचा जेवणाचा डबा. बाकी सगळं 'ओल्या'त.

त्याला विचारलं तर म्हणाला, "काकू, तिकडे जाऊन एकच होते सगळं."

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना एवढंच हवं होतं. 'मी आधीच सांगत होतो' हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतात. दोन घरांनी वेगळा करणं सोडलंय, बाकीचेही सोडतील. तर प्रश्न असा की तुमच्या भागात गाडीत वेगळा राहतो का? राहत नसेल तर घरी वेगळा करण्यात काही अर्थ आहे का? 'आपण आपलं कर्तव्य करावं' असलं उत्तर नको, ते लिफ्टमध्ये खपत नाही.

तर्रीपोहा

+१. धरमपेठेतही हेच. फक्त आमच्या गाडीला आडोसाही नाही.

जुना महालकर

पारिजातताई, आडोसा आहे म्हणजे तुम्ही नशीबवान.

आमच्या महाल भागात एके काळी कोपऱ्यावरचं सिमेंटचं कुंड हीच सगळी व्यवस्था. गाय, कुत्री, डुकरं आणि कचरा वेचणाऱ्या बाया, सगळ्यांची तिथे पाळी लागलेली असायची. त्या मानाने घरासमोर गाडी येणं हे मी तरी मोठं काम मानतो. पण गाडी आली तशी आपली जबाबदारी फाटकाशी संपली असं सगळ्यांनी धरलं.

कायद्याचं म्हणाल तर अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली कचऱ्याचे नियम आले. ते अपुरे पडले म्हणून २०१६ चे आले. त्यांत घरानेच तीन वाटे करायचे होते: ओला, सुका आणि घरगुती घातक, म्हणजे ट्यूबलाइट, बॅटऱ्या, जुनी औषधं, इंजेक्शनच्या सुया. आणि वेगळा केलेला कचरा वेगळाच न्यायचा, ही जबाबदारी महापालिकेची. म्हणजे तो मुलगा करतो ते नियमाबाहेरचं, आणि तुमचे काका सुचवतात तेही.

२०११ च्या जनगणनेत शहर २४ लाखांचं होतं. त्यानंतर मोजणी नाही, पण बेसा-हुडकेश्वरपासून वाठोड्यापर्यंत जे वाढलंय ते डोळ्यांना दिसतं. रोज हजार टनांच्या वर कचरा निघतो आणि जातो कुठे, तर भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डला.

रिकामा काटा

मी काही वर्षं एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. कोणत्या ते विचारू नका. पण गाडीवरच्या पोराला नाव ठेवण्याआधी त्याचं गणित पाहा जी.

छोट्या गाडीवर दोघं, ड्रायव्हर आणि पोरगा. घरं ठरलेली, वेळ ठरलेला. सुकं हलकं असते पण फुगलेलं असते. सुक्याचा कप्पा चार गल्ल्यांत भरून जाते, ओल्याचा तेव्हा अर्धा रिकामा. आता भरलेली गाडी खाली करायला न्यायची का उरलेल्या गल्ल्या करायच्या? उशीर झाला तर लोकं फोन करून राहिले, गाडी आली नाही म्हणून. मग पोरगा सुकं ओल्यात टाकते, पायानं दाबते, आणि गाडी पुढे.

दुसरं, पैसे टनावर. काट्यावर जे वजन येईल त्याचं बिल. ओलं जड, माती-मलमा त्याहून जड, सुक्याला वजनच नाही. ज्या धंद्यात वजनाचे पैसे भेटतात तिथे कचरा कमी व्हावा असं कोणाला काहून वाटन? हे एकट्या नागपूरचं नाही, जिथे टनावर ठेका तिथे हेच.

तिसरं मात्र कोणी बोलत नाही. पोराचा पगार थोडा, वरची कमाई कबाडाची. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या जाड पन्न्या, लोखंड हे तो कधीच एकत्र करत नाही. ताई, तुम्हाला 'सुका'च्या बाजूला जे दिसलं ते त्याचं कबाड होय. फुटकी बादली पण. म्हणजे गाडीत वेगळं करणं चालूच आहे, पण विकणारं आणि न विकणारं असं.

म्हणून सांगतो, विकणारं साफ करून वेगळ्या चुंगडीत भरा आणि त्याच्या हातात द्या. ती चुंगडी ओल्यात जाणार नाही, माझी गॅरंटी. आणि पॅड, डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या. पोरं हातानं चाळतात. हातमोजे असले तरी आपल्या उन्हाळ्यात कोणी घालत नाही. फुटलेली काच पन्नीत नुसती टाकणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, ॲडमिन उडवतील.

पारिजात

रिकामा काटा, इतकं सरळ कोणीच सांगितलं नव्हतं. चुंगडीचं उद्यापासून.

पण मग कुरकुऱ्यांची, बिस्किटांची पाकिटं, थर्माकोल, पार्सलच्या काळ्या डब्या? ते तर कोणीच घेणार नाही.

रिकामा काटा

ते कबाडीपण घेत नाही. पाकिटात दोन-तीन थर चिकटवलेले असतात, प्लॅस्टिक आणि चमकणारा थर, ते सुटे होत नाहीत. जास्तीत जास्त सिमेंटच्या भट्टीत जाळायला जाते, तेही कोरडं असलं तर. वरणात भिजलेलं पाकीट तिथेही चालत नाही.

हिशोबनीस

सगळ्यांचं कौतुक आहे, पण घरपट्टी भरायची आपण, डबे घासायचे आपण, चुंगड्या भरायच्या आपण, आणि आता ठेकेदाराच्या माणसाची वरकमाई सांभाळायची तीही आपणच? नियमांत रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांसाठी वेगळी कलमं आहेत. मंगल कार्यालयं, लॉन, मोठी हॉटेलं, कळमन्याचा बाजार, कॉटन मार्केट यांना आधी धरा. लग्नसराईत एका लॉनवर एका रात्रीत जेवढं अन्न फेकलं जातं तेवढं आमची गल्ली महिन्यात फेकत नाही. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटबंद वसाहतींनीही ओल्याची विल्हेवाट शक्य तितकी आवारातच लावायची, असं २०१६ मध्येच लिहिलं होतं. किती जण लावतात?

महापालिकेचं उपद्रव शोध पथक आहे ना, माजी सैनिकांचं? ते आमच्या गल्लीत पानठेल्यावाल्याला पावती फाडताना दिसतं. लॉनवर दिसलं तर फोटो टाका.

तर्रीपोहा

लॉनवर दिसते की. जेवायला. (खिक्)

बेसा रोड

तुमच्याकडे निदान गाडी येते. आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि मला वाटतं नागपूरचा खरा कचरा-प्रश्न आता आमच्याच बाजूला आहे.

इथे आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत झाली. दहा मजली टॉवर आधी आले, कचऱ्याची व्यवस्था मागून येतेय. रस्त्याच्या या बाजूला महापालिका, त्या बाजूला नाही, आणि कुत्र्यांना हद्द कळत नाही.

आमच्या लेनमध्ये एक खाली प्लॉट आहे. मालक पुण्याला. चार कोपऱ्यांत चार खांब, एका खांबावर वकिलाच्या नावाची पाटी: 'हा प्लॉट विकणे नाही'. सुरुवात मलम्याने झाली. समोरच्या बंगल्याचं काम चालू असताना फुटक्या टाइल्स आणि विटांचे तुकडे रात्री टाकले गेले. मलमा दिसला की बाकीच्यांना परवानाच मिळतो. मग एकाने जुनी गादी टाकली. मग ऑफिसला जाणाऱ्यांनी गाडीच्या खिडकीतून गाठ मारलेल्या पन्न्या, न थांबता. आता तिथे बेशरम आणि गाजरगवत कंबरेएवढं, मध्ये पन्न्या, त्यावर डुकरं. पावसाळ्यात साप निघाला तेव्हा सगळे गोळा झाले आणि मालकाला शिव्या घालून परत गेले. संध्याकाळी कोणीतरी पेटवून देतं. पेटवतो कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही, कारण त्याशिवाय ढीग कमी होणार कसा?

गाडी आली तरी हे थांबेल असं मला वाटत नाही. गाडी दहाला येणार, घरातली दोघंही नऊला निघतात.

जुना महालकर

बेसा रोड, हे खाली प्लॉट प्रकरण नवं नाही. नागपुरात '५७२ आणि १९०० लेआउट' हे अनधिकृत लेआउटांचे आकडे ज्याला माहीत नाहीत तो नागपूरचा नाही. आधी प्लॉट पाडायचे, विकायचे, घरं बांधायची, मग पंधरा-वीस वर्षं सुधार प्रन्यास की महापालिका यात नाली, रस्ता, दिवे अडकून राहायचे. कचरा त्या यादीत सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे आता फक्त इमारती उंच झाल्यात.

निळा डबा

वेळेचा मुद्दा बरोबर आहे. आमच्या नंदनवनच्या स्कीममध्ये तळमजल्यावरच्या काकू सगळ्यांचे डबे गाडीला देतात, त्याबद्दल मेंटेनन्समधून त्यांना थोडे पैसे. भांडण नाही, तंटा नाही. फ्लॅटवाल्यांना हे जमतं, स्वतंत्र घरवाल्यांचं अवघड आहे.

पूर्वेकडचा

मी भांडेवाडीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. हा धागा कालपासून वाचून राहिलो.

पारिजात ताई, तुम्ही विचारलं, घरी वेगळा करण्यात अर्थ काय. आमच्या बाजूने सांगतो. ओलं आणि पन्नी एकत्र दाबून ढिगात गेलं की आतल्या ओल्याला हवा भेटत नाही. हवेशिवाय सडलं की मिथेन तयार होते. वरून एप्रिल-मे, ४५ डिग्री. पन्नी, चिंध्या, कागद आहेतच जळायला. मग ढीग पेटते. पाण्याचे बंब येतात, वरची आग विझते, आतून दिवसेंदिवस धुमसते. त्या दिवसांत आमच्याकडे कूलर लावायची सोय नाही. कूलर बाहेरची हवा आत ओढते ना. नागपुरात उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून झोपून पाहा एक रात्र.

जुन्या ढिगाचं बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा चाळून वेगळा करणं, झालं, ते खोटं नाही. ओल्यापासून गॅस करायचा बायो-सीएनजीचा प्रकल्पही आणून राहिले. पण त्याला पन्नी नसलेलं ओलं लागते. एकत्रच येत राहिलं तर कोणतंही मशीन आणा, चाळणीत अर्धा दिवस जाणार.

आणि गंमत पाहा. याच भांडेवाडीत शहराचं सांडपाणी शुद्ध होते आणि कोराडीच्या वीज केंद्राला जाते. कारण पाण्याला गिऱ्हाईक आहे. कचऱ्याला नाही.

पारिजात

कूलरचं वाचून गप्प झाले. हे मी लिफ्टमध्ये सांगणार आहे.

नालीकाठ

अंबाझरी लेआउटच्या बाजूला राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या घरात पाणी शिरलं, फ्रिज तरंगत होता. तेव्हापासून आमच्याकडे पन्नी नालीत टाकणारा दिसला की लोक अंगावर जातात.

वर्धा रोड

नालीकाठ, झालं ते वाईटच, पण त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. नाग नदीच्या काठाने केलेली बांधकामं, अरुंद पूल, हे मोठे दोषी. सगळं पन्नीवर ढकललं की बाकीचे सुटतात.

नालीकाठ

ते मान्य. तलाव पन्नीमुळे ओसंडला असं मीही म्हणत नाही. पण पाणी ओसरायला आमच्या गल्लीत जो वेळ लागला तो जाळीत अडकलेल्या पन्न्या आणि डिस्पोजल ग्लासांमुळे. त्या मीच बांबूने काढल्यात. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे म्हणे. गोकुळपेठेत आजही पावशेर सांबार (कोथिंबीर) पन्नीतच मिळतो.

पाचोळा

ओल्या कचऱ्यावर कोणीच येत नाहीये म्हणून मी येतो. माझं म्हणणं एकच: ओलं फाटकाबाहेर गेलंच नाही तर या धाग्यातले निम्मे प्रश्न उरत नाहीत. गाडीत एकत्र व्हायला ओलंच नसेल. डबा वास मारणार नाही, त्यामुळे गाडी रोज आलीच पाहिजे असंही राहत नाही, आणि बेसा रोडवाल्यांची दहा-नऊची अडचणही सुटते.

सोळा घरांचं ओलं रोज साधारण दहा-बारा किलो धरा. स्कीमच्या मागे सावलीत मोठे ड्रम, बाजूला भोकं, खाली विटांचे तुकडे. एक भरत असताना दुसरा मुरतो. ओल्याचा एक थर, त्यावर तेवढाच किंवा जास्त कोरड्या पाल्याचा थर. सुरुवातीला शेणाचा काला किंवा आंबट ताक. वास आला तर समजायचं की पाला कमी पडला. मूठभर हातात घेऊन दाबा, गोळा झाला पण पाणी गळलं नाही तर बरोबर. दीड-दोन महिन्यांत खत होतं आणि दहा किलोचं दोन-अडीच किलोवर येतं.

यूट्यूबवर सांगतात ते मुंबई-बंगळुरूच्या हवेचं असतं. आपल्याकडे अडचण उलटी आहे. नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, ड्रम इतका सुकतो की आतले जिवाणू झोपतात, त्याच्यावर दिवसाआड पाणी शिंपडावं लागतं. पावसाळ्यात झाकण आणि दुप्पट पाला.

संत्र्याची सालं. हिवाळ्यात आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक घरातून ढिगाने येतात. सालीतल्या तेलामुळे ती लवकर कुजत नाहीत, एकदम ओतली तर ड्रम थंड पडतो. बारीक तोडून उन्हात वाळवायची आणि थोडी थोडी घालायची. रविवारच्या सावजीची हाडं आणि ती तर्री ड्रममध्ये नको, उंदीर बोलावल्यासारखं होतं. वरण, कढी गाळून घ्या. अळ्या दिसल्या, जाड, तपकिरी, तर किंचाळू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या, घरातल्या माशीच्या नाहीत, काही करत नाहीत आणि कचरा फार लवकर फस्त करतात.

पाला कुठून? फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, पिंपळ झडतात तेव्हा झाडूवाल्या ताई ढीग लावतात. त्यांना सांगून ठेवलं की चुंगड्या भरून मिळतात, वर्षभर पुरतात. नाहीतर तो पाला कोपऱ्यावर पेटवतात. उघड्यावर कचरा जाळण्याला हरित लवादाने २०१६ मध्ये ५,००० रुपये दंड सांगितलाय, तरी सकाळी फिरायला गेलं की धूर असतोच.

हिशोबनीस

आणि ड्रम हलवणार कोण? पहिला महिना उत्साह, मग वॉचमनच्या गळ्यात.

पाचोळा

अगदी. म्हणून पहिल्या दिवसापासून वॉचमनलाच त्याचे पैसे द्या. उत्साहावर खत होत नाही. मेंटेनन्समध्ये घरटी थोडी रक्कम वाढवा, वार्षिक सभेत ठराव करून घ्या. खत कुंड्यांना पुरून उरतं, उरलेलं वॉचमनने विकलं तरी त्याचंच.

तर्रीपोहा

तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत यंदा 'ओला-सुका'चा पत्र्याचा बडग्या (पुतळा) निघालाच पाहिजे. घेऊन जा गे मारबत!

जुना महालकर

तर्रीपोहा, निघेलही, पण दुसऱ्या दिवशी त्या मिरवणुकीतला कचरा इतवारीत पाहा.

बेसा रोड

पाचोळा, ड्रमचं पटलं. पण आमचा प्लॉट? मालकाला फोन लावला तर म्हणतो, मी टाकला का कचरा?

वर्धा रोड

आमच्या लेआउटमध्ये हे एकदा सुटलंय. मालकाची परवानगी लेखी घेतली, वर्गणी काढून प्लॉट साफ केला आणि कुंपण न घालता तिथे संध्याकाळी मुलांचं क्रिकेट सुरू केलं. कुंपणाला लोक पन्नी अडकवतात, दहा पोरं खेळत असताना कोणी पन्नी भिरकावत नाही. मालक खूश, कारण अतिक्रमणाची भीती गेली. तक्रार मात्र सोबत करत राहा. महापालिकेत २०२२ च्या मार्चपासून प्रशासक बसला तेव्हा नगरसेवकाच्या दारात जायची सवयच मोडली, पण तुमच्याकडे नगरपंचायत आहे, माणूस जवळ सापडतो. लेखी द्या, पोच घ्या.

पारिजात

ठरलं ते सांगते. विकणारं चुंगडीत, वॉचमनच्या हातून थेट गाडीवरच्या मुलाकडे. पॅड-डायपर कागदात, लाल खुणेसह. मागच्या बाजूला दोन ड्रम, रविवारच्या सभेत ठराव. झोन कार्यालयाला पत्र: आडोशाच्या दोन्ही बाजू वापरा, नसेल जमत तर एक दिवस ओला, एक दिवस सुका न्या. काकांची हरकत आली आहे की ड्रमची जागा त्यांच्या पार्किंगला लागून आहे. ट्यूबलाइट आणि आईच्या इन्सुलिनच्या सुयांचं काय करायचं?

रिकामा काटा

सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, झाकण चिकटपट्टीनं बंद, वर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहा आणि मुलाला तोंडी सांगून द्या. ट्यूबलाइट न फोडता जुन्या खोक्यात. आणि चुंगडी गाडी आल्यावरच बाहेर काढा. आधी काढली तर सायकलवाला कबाडी नेते, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा तुमच्या वॉचमनशी भांडते.